थंडी तार तापली तेव्हा

मी एक जुनी तार आहे. तांब्याची, आगकाडीहून बारीक, वर काळं प्लास्टिक. माझं प्लास्टिक आता जागोजागी फुगलं आहे आणि एका टोकाला वितळून गोठलं आहे. मला पाहून कुणी हळहळावं असं माझ्यात काही नाही. पण मित्रांनो, माझ्यावर आलेला प्रसंग ऐकलात, तर घरातल्या भिंतीकडे तुम्ही थोडं वेगळ्या नजरेनं पाहाल. त्या भिंतीत माझ्यासारखी एक तरी असतेच.

माझा जन्म कारखान्यात झाला. तांब्याची जाड कांब एकाहून एक लहान भोकांतून ओढत नेली की तिची तार होते. भोकरदनच्या एका दुकानात मी दोन पावसाळे वेटोळं घालून पडून होते. मग पिंपळगाव रेणुकाईच्या अप्पारावांनी मला नेलं. त्यांना पिठाची गिरणी टाकायची होती. माझ्यासोबत लाल, पिवळी आणि निळी अशा आणखी तीन तारा घेतल्या होत्या. त्या तिघी माझ्या अडीचपट जाड.

भिंतीतल्या पाइपात आम्हाला ओवणारा वायरमन होता मच्छिंद्र. तेव्हा तो विशीतला होता आणि एकट्यानं घेतलेलं हे त्याचं पहिलंच काम. अप्पारावांनी मला बोटात धरून विचारलं, "ही एकच बारीक काहून?"

"अप्पा, ही थंडी तार हाये," मच्छिंद्र म्हणाला. "मोटारीला हिची गरजच न्हाई. जात्यावर एक बल्ब लागंल, तेवढ्यापुरती बास झाली."

आमच्या भागातले वायरमन वीज घेऊन येणाऱ्या तारेला गरम म्हणतात आणि ती परत नेणाऱ्या तारेला थंडी. पुस्तकात मला न्यूट्रल असं नाव आहे. मच्छिंद्रचं म्हणणं चूक नव्हतं. साडेसात हॉर्सची मोटार त्या तिघींवर चालायची. एकीचा प्रवाह पुढे जाई तेव्हा उरलेल्या दोघी मिळून तेवढाच मागे आणत. त्यांचा हिशेब आपसात फिटे आणि माझ्यापर्यंत काही उरतच नसे. बायका ज्वारीच्या टोपल्या घेऊन रांगेला बसत, जातं घरघरे, त्या तिघी गुणगुणत, आणि मी एका बल्बपुरती जागी राही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी अप्पाराव गिरणीची सगळी धूळ पुसून काढत. तिघींच्या टोकांवरून ते फडकं फिरवत. माझ्यावर फिरवायचं त्यांच्या लक्षात येत नसे. मला त्याचं वाईट वाटे, पण फार नाही. थंड असणं हेच माझं काम, अशी मी माझी समजूत घातली होती.

पुढे घरोघरी लहान गिरण्या आल्या. अप्पाराव गेले. जातं थांबलं. सहा वर्षं त्या खोलीचं दार उघडलं नाही.

दार पुन्हा उघडलं ते अप्पारावांच्या पत्नीनं, केशरबाईंनी. त्यांनी अंगणवाडीत तीस वर्षं काढली होती. गावातल्या मुली बारावीनंतर घरी बसतात, कारण कॉम्प्युटरचा क्लास जालन्याला आणि जालन्याला एकटं पाठवायला कुणी तयार नाही, हे त्या रोज पाहत होत्या. जालन्यातलं एक ऑफिस बंद होत होतं. तिथले चोवीस जुने कॉम्प्युटर त्यांनी आणले. त्यांतल्या तेवीस पेट्यांमधले पॉवर सप्लाय, म्हणजे भिंतीतली वीज घेऊन कॉम्प्युटरला लागेल तशी करून देणारे डबे, निकामी झाले होते. दुकानदारानं त्या जागी नवे स्वस्तातले बसवून दिले.

वायरिंगला मच्छिंद्रच आला. आता त्याच्या मिशा पिकल्या होत्या.

"काकू, आतल्या तारा बदलायची गरज न्हाई," तो म्हणाला. "साडेसात हॉर्सची मोटार वढलीय ह्यांनी. काम्पुटर म्हंजे किस झाड की पत्ती!" त्यानं तिघींवर आठ-आठ-आठ असे कॉम्प्युटर सारखे वाटून दिले. माझ्याकडे त्यानं पाहिलंही नाही.

मुली जमवणं मात्र सोपं नव्हतं. शेजारच्या धावडा गावच्या द्वारकाबाईंकडे केशरबाई तीनदा गेल्या. द्वारकाबाईंचं शेत मोठं, घर मोठं आणि शब्दही मोठा. त्यांची नात राजनंदिनी आली, तर धावड्याच्या आणखी सात-आठ जणी येणार होत्या.

"केशर, जीपनं जाती-येती ते मी बघीन," द्वारकाबाई शेवटी म्हणाल्या. "पर आत काही झालं तर?"

"आत मी हाये ना."

"तुझ्या भरवशावर पाठवून राह्यले. ध्यानात ठेव."

केशरबाईंनी ते ध्यानात ठेवलं होतं. चोवीस मुलींपैकी एकीला जरी काही झालं, तरी चोवीसच्या चोवीस पुन्हा घरी बसतील आणि नंतर कुणी दार उघडणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी नियम केला की चप्पल बाहेर काढायची आणि वायरीच्या बोर्डाला कुणी बोट लावायचं नाही.

आणि मित्रांनो, पहिल्याच दिवशी मी तापले.

चोवीस कॉम्प्युटर सुरू झाले आणि माझ्या अंगातून अशी काही वीज धावली की मी हबकून गेले. हे कसं झालं? तिघींवर तर भार सारखा होता. त्यांचा हिशेब आपसात फिटायला हवा होता. मला हे कळायला फार दिवस लागले, पण तुम्हाला आत्ताच सांगते. वीज लाटेसारखी चढते आणि उतरते. बल्ब किंवा मोटार लाटेच्या प्रत्येक उंचीवर आपला वाटा घेत राहते. स्वस्त पॉवर सप्लाय तसं करत नाही. लाट चढेपर्यंत तो गप्प बसतो आणि ती माथ्यावर पोचली की एक मोठा घोट घेतो. तीन तारांच्या लाटा एका वेळी माथ्यावर येत नाहीत. एकीवरचे आठ डबे घोट घेत असतात तेव्हा उरलेल्या दोघींवर सामसूम असते. मग तो घोट परत नेणार कोण? मीच. पहिलीचा घोट, मग दुसरीचा, मग तिसरीचा. सेकंदाला तीनशे घोट, आणि सगळे एका बल्बसाठी घेतलेल्या माझ्यातून.

मी ओरडू शकत नव्हते. मला फक्त वास सोडता येत होता.

तापलेल्या वायरिंगचा वास सुक्या मासळीसारखा येतो. एका दुपारी राजनंदिनी नाक दाबून म्हणाली, "कोणाच्या डब्यात सुकट हाये गं?" मुली हसल्या. दोघीतिघींच्या नजरा साक्षीकडे वळल्या. साक्षी गावातल्याच बौद्ध वस्तीतली, टायपिंगमध्ये सगळ्यांत पुढे.

"माझ्याकडं काय बघता?" साक्षीनं डबा उघडून दाखवला. "पिठलं हाये! नाकं तपासून घ्या जालन्याला जाऊन."

पुन्हा हशा झाला. पण केशरबाई हसल्या नाहीत. त्यांना वास आठवडाभरापासून येत होता आणि तो डब्यातून येत नाही, अशी शंकाही होती. पण "जळका वास" हे दोन शब्द एकदा धावड्याला पोचले की संपलंच. त्या म्हणाल्या, "आजपासून डब्यात कोणीच सुकट आणायची न्हाई." मग त्यांनी उदबत्ती लावली. साक्षीनं डब्याचं झाकण लावलं आणि ती त्या दिवशी जेवलीच नाही. त्यानंतर रोज उदबत्ती लागू लागली. केशरबाई कधी खोटं बोलत नसत. म्हणूनच मला धक्का बसला.

महिन्याभरानं टायपिंगची परीक्षा चार दिवसांवर आली आणि द्वारकाबाई नातीचा सराव पाहायला आल्या. चप्पल काढून उंबऱ्यात पाऊल टाकलं आणि त्या थांबल्या.

"केशर, हे काय जळून राह्यलंय?"

"डब्यातली सुकट असंल…"

"सुकट?" द्वारकाबाई म्हणाल्या. "विहिरीवरच्या तीन मोटारी जळाल्या माझ्या. कॉइल जळती तव्हा असाच वास येतो. मला सुकट शिकवती व्हय!"

केशरबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी मच्छिंद्रला फोन केला. तो मोटारसायकलवरून दहा मिनिटांत आला. नियमाप्रमाणे त्यानंही चप्पल बाहेर काढली. फरशी नुकतीच पुसलेली होती. टाँग टेस्टर, म्हणजे तारेभोवती चिमट्यासारखा बसणारा मीटर, त्यानं लाल तारेला लावला. नऊ. पिवळीला लावला. नऊ. निळीलाही नऊ.

"बिलकुल बराबर," तो म्हणाला. "ह्या तारा वीस ॲम्पिअर आरामात झेलतात. नवावर काय जळतंय!"

मी तिथेच होते, त्याच्या मनगटापासून चार बोटांवर. मीटर माझ्यापर्यंत आलाच नाही. थंडी तार कोण मोजतं? त्याला फक्त माझ्या टोकाचा स्क्रू काळा पडलेला दिसला.

"हे बघा, स्क्रू ढिल्ला झालाय, बाकी काही न्हाई. तार काढून घासतो आन पुन्हा कसतो."

"पोरींना मशीन बंद करायला सांगू का?" केशरबाईंनी विचारलं.

"कशाला? त्यांचं टायपिंग जाईल. थंडी तार हाये काकू, हिच्यात करंट नसतोय. तीस वर्षांत मेन बंद करून कधी काढली न्हाई मी."

त्यानं स्क्रू सैल केला आणि मला बोटांनी धरून बाहेर ओढलं.

मित्रांनो, पुढचं आठवलं की अजूनही माझं तांबं शहारतं. माझी परतीची वाट तुटली. आता चोवीस डब्यांची वीज एकमेकांच्या अंगावरून वाट काढू लागली. खोलीच्या एका बाजूचे दिवे मंदावले, दुसऱ्या बाजूचे पांढरेफटक झाले. एक पंखा सुटल्यासारखा फिरू लागला. आणि मच्छिंद्र, ज्यानं मला थंडी म्हटलं होतं, ओल्या फरशीवर अनवाणी उभा राहून माझं उघडं टोक धरून होता. मी त्याला झटका दिला. मला द्यायचा नव्हता. माझ्या हाती काही नव्हतं. तो मागे फेकला गेला आणि ज्वारीच्या रिकाम्या पिपावर आदळला.

धाड!

राजनंदिनीच्या पेटीतून ठिणगी उडाली आणि काळा धूर वर आला. मुली किंचाळल्या.

"मेन! मेन कुठं हाये?" द्वारकाबाई ओरडल्या.

चोवीस मुलींपैकी एकीलाही मेन स्विच कुठे आहे हे माहीत नव्हतं. बोर्डाला बोट लावायचं नाही, हाच तर नियम होता. दुसरी पेटी फुटली. केशरबाई धुरातून चाचपडत बोर्डापाशी आल्या. एक खटका ओढला, तो पंख्याचा निघाला. दुसरा ओढला, तो बाहेरच्या दिव्याचा. तिसऱ्यांदा त्यांच्या हाताला लोखंडी दांडा लागला आणि सगळं बंद झालं.

कुणी मेलं नाही. कुणी भाजलंही नाही. मच्छिंद्रचा खांदा निखळला होता आणि तो आपल्या बोटांकडे पाहत एकच वाक्य पुटपुटत होता. "थंडी होती. थंडी तार होती ती."

द्वारकाबाईंनी राजनंदिनीचा दंड धरला. तिला ओढतच त्या जीपकडे निघाल्या. संध्याकाळपर्यंत धावड्याच्या सगळ्या मुलींचे न येण्याचे निरोप आले. दुसऱ्या दिवशी गावातल्याही आल्या नाहीत. फक्त साक्षी आली आणि पायरीवर बसून राहिली.

रविवारी जालन्याहून केशरबाईंची मुलगी प्रीती आली. ती कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. ती कुणाला रागावली नाही. तिनं मेन बंद ठेवून मच्छिंद्रला मला पुन्हा जोडायला लावलं. मग वाचलेले बावीस कॉम्प्युटर आणि शेजारून आणलेले आणखी दोन सुरू केले.

"मच्छिंद्रमामा, आता काळीला लावा मीटर."

"तिला?"

"तिलाच."

गळ्यात अडकवलेला हात सांभाळत मच्छिंद्रनं दुसऱ्या हातानं मीटर माझ्याभोवती लावला. आकडा आला पंधरा.

त्यानं मीटर झटकला. पुन्हा लावला. पंधरा. खिशातून नवे सेल काढून घातले. पंधरा.

"तिघी नऊ-नऊ आन ही पंधरा? प्रीती, हे मीटर येडं झालंय."

"मीटर शहाणं आहे मामा. पहिल्यांदाच कुणी त्याला विचारलं."

प्रीतीनं कॉलेजातून आणखी एक यंत्र आणलं होतं. प्रवाहाचा आकार त्याच्या पडद्यावर दिसतो. तिथे गोलसर टेकड्या दिसायला हव्या होत्या. दिसले बाभळीचे काटे. मग तिनं दोन पॉवर सप्लाय बाहेर काढले, एक ऑफिसमधून आलेला आणि एक नवा. गिरणीतला जुना वजनकाटा अजून कोपऱ्यात होता. जुना डबा भरला सव्वा किलो. नव्याला पाऊण किलोचं माप जड झालं.

"हलका म्हंजे नव्या जमान्याचा," मच्छिंद्र म्हणाला.

प्रीतीनं दोन्ही उघडले. जुन्यात लोखंडी गाभ्याची एक जाड कॉइल होती. तिच्यामुळे डबा घाईनं घोट न घेता जरा सावकाश पितो. नव्यातही त्या कॉइलची जागा आखलेली होती, नावसुद्धा छापलेलं होतं. पण त्या दोन भोकांत वाकवलेला एक तारेचा तुकडा जोडून दिला होता. आणि वरच्या स्टिकरवर लिहिलं होतं की हा डबा हार्मोनिकची मर्यादा पाळतो.

"कसली मर्यादा?" केशरबाईंनी विचारलं.

"माय, पडद्यावरच्या त्या काट्यांमध्ये मिसळलेल्या वेगवान लाटांना हार्मोनिक म्हणतात. कुठल्या उपकरणानं ते किती सोडावेत ह्याचा जगभर नियम आहे. कॉम्प्युटरच्या डब्यानं दर वॅटमागे तिसऱ्या हार्मोनिकचे ३.४ मिलिॲम्पिअर, त्याहून जास्त नाही. हा सोडतोय ३.९."

"एवढासाच फरक?" मच्छिंद्र म्हणाला.

"एकाचा एवढासाच. पण तिसरा हार्मोनिक, म्हणजे मूळ लाटेच्या तिप्पट वेगानं डोलणारा, तिन्ही तारांतून एकाच वेळी येतो, तो आपसात फिटत नाही. सगळ्यांचा मिळून काळीत जमा होतो." ती थोडी थांबली. "आणि खरं सांगायचं तर सगळे डबे नियमात असते, तरी ही तार तापलीच असती. नियम एका डब्यापुरता आहे. बल्बच्या तारेवर चोवीस डबे लटकवू नका, हे तो कसं सांगणार? ते आपण बघायचं."

दुकानदारानं कॉइल नसलेले डबे दिले होते. मच्छिंद्रनं माझ्या नावावर विश्वास ठेवला होता. आणि केशरबाई आपल्या हाताकडे पाहत होत्या. त्या हातानं महिनाभर उदबत्ती लावली होती.

मग त्या पायरीवर साक्षीशेजारी जाऊन बसल्या. "पोरी, वास मला येत व्हता," त्या म्हणाल्या. "तुझ्या डब्यातून न्हाई, भिंतीतून. मला ठावं व्हतं."

साक्षीनं त्यांच्याकडे पाहिलं. "मला बी ठावं व्हतं आजी. पर तुमीच सुकट म्हनला, मंग मी कोणाला सांगू?"

पुढच्या आठवड्यात मच्छिंद्रनं मला भिंतीतून ओढून काढलं आणि माझ्या जागी त्या तिघींहूनही जाड काळी तार घातली. स्वतः प्रवाहाचा आकार सुधारून घेणारे नवे पॉवर सप्लाय प्रीतीनं पारखून आणले. तिघींवरचा आकडा नवावरून सहावर आला आणि नव्या काळीवरचा दोनवर. परीक्षा हुकली होती, पण पुढची तीन महिन्यांवर होती. खोली तयार होती. मुली नव्हत्या.

तेव्हा केशरबाईंनी माझा सगळ्यात जळका तुकडा पिशवीत टाकला आणि धावड्याची जीप पकडली.

द्वारकाबाई ओट्यावर तुरी निवडत होत्या. केशरबाईंनी मला त्यांच्या सुपाशेजारी ठेवलं आणि काही न लपवता सगळं सांगितलं. वास, उदबत्ती, साक्षीचा डबा, सगळं.

"म्हंजे तू माझ्या तोंडावर खोटं बोलली," द्वारकाबाई म्हणाल्या.

"बोलले."

"मच्छिंद्र चुकला, दुकानदार चुकला, ते सोड. माणसं चुकतात. पर उद्या पुन्हा वास आला, तर माझी पोरगी कोणाला सांगंल? तुला? तू उदबत्ती लावशील."

"कोणालाच सांगायचं न्हाई," केशरबाई म्हणाल्या. "मेनच्या दांड्याला लाल रंग दिलाय. वास आला, धूर दिसला, नुसती शंका आली, तरी जी पोरगी जवळ असंल तिनं दांडा खाली ओढायचा. मला विचारायचं न्हाई. कोणाचं टायपिंग गेलं तर जाऊ दे."

"आन तू रागावली मंग?"

"रागावले तर तू हाईस ना."

द्वारकाबाई तुरी निवडत राहिल्या. मला वाटलं, संपलं.

सोमवारी सकाळी धावड्याची जीप आली. आधी राजनंदिनी उतरली, मागून सात मुली, आणि सगळ्यांत शेवटी द्वारकाबाई. राजनंदिनी थेट साक्षीशेजारच्या खुर्चीवर जाऊन बसली. मग साक्षीनं हळूच विचारलं, "डब्यात काय आणलंय?" राजनंदिनी कानापर्यंत लाल झाली. "सुकट," ती म्हणाली, आणि दोघी फिस्सकन हसल्या.

जीप आलेली पाहून गावातल्या मुलीही आल्या आणि टायपिंग सुरू झालं. द्वारकाबाई दाराशी स्टुलावर बसल्या होत्या. पंधरा मिनिटांनी त्या उठल्या, बोर्डापाशी गेल्या आणि कुणाला काही न सांगता त्यांनी लाल दांडा खटकन खाली ओढला. बावीस पडदे एकदम काळे झाले.

"आजी! माझं पत्र गेलं!" राजनंदिनी ओरडली.

"जाऊ दे," द्वारकाबाई म्हणाल्या. "काय गं केशर, आला का राग?"

केशरबाईंनी डोळे मिटून एक लांब श्वास घेतला. "आला," त्या म्हणाल्या. "पर बोलत न्हाई."

"मंग आता एकेकीनं उठा आन हा दांडा ओढून दाखवा. राजनंदिनी, आधी तू."

मित्रांनो, मी आता मेनच्या शेजारी एका खिळ्याला टांगलेली आहे. माझ्यातून वीज जात नाही. तुमच्याकडे माझं एवढंच मागणं आहे. कुणाला थंड म्हणून मोजायचं सोडू नका. हलका डबा हाती आला, तर त्यातून काय काढून घेतलंय हे जाणत्या माणसाला विचारा. तारेला मात्र स्वतः हात लावू नका, माझ्यासारखीला तर मुळीच नाही. आणि वास आला तर, तो कुठून येतो हे मोठ्यांनी काहीही सांगितलं तरी, आपल्या नाकावर विश्वास ठेवा. तुमच्या घरातला मेन कुठे आहे? आज जेवायच्या आधी शोधून ठेवा.